पीएचडी करायची, पण पैशाचं काय?

विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेचा, म्हणजे 'पेट'चा निकाल लागला की सोलापुरात दोन प्रश्न हमखास निघतात. विद्यार्थी विचारतो, "आता फेलोशिपसाठी अर्ज कुठं करायचा?" घरचे विचारतात, "अजून चार-पाच वर्षं शिकणार, तर घर कशावर चालायचं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते विचारायची खरी वेळ प्रवेशानंतरची नसते, प्रवेशाच्या दीड-दोन वर्षं आधीची असते.

हे वेळेवर सांगणारं माणूस आपल्याकडे अनेकांच्या घरात नसतं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, किंवा सांगोला-मंगळवेढ्याकडे थोडी कोरडवाहू जमीन, आणि घरातून एम.ए., एम.एस्सी.पर्यंत पोचलेलं पहिलंच पोर. मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांत ज्या गोष्टी बोलता बोलता कळतात, त्या इथल्या विद्यार्थ्याला कळेपर्यंत वयाची अट ओलांडलेली असते. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं. एकाच जिल्ह्यापुरतं, वयानं तरुण विद्यापीठ आहे. संशोधन केलेल्या जुन्या पिढ्यांची साखळी इथं अजून बांधली जाते आहे. म्हणून हा सगळा मामला मुळापासून मांडतो.

## पैसा एक नाही, तीन प्रकारचा आहे

चादर विणणाऱ्या कामगाराला मजुरी मिळते, त्यावर त्याचं घर चालतं. सूत, रंग, मागाची दुरुस्ती हा खर्च वेगळा असतो, तो कारखानदार करतो. आणि एखाद्या प्रदर्शनात त्याची चादर उत्तम ठरली तर मिळणारं बक्षीस हा तिसराच पैसा. संशोधनातही हेच तीन प्रकार आहेत. फेलोशिप म्हणजे संशोधकाला दरमहा मिळणारं मानधन. अनुदान म्हणजे संशोधनाच्या कामासाठी, उपकरणं, रसायनं, सर्वेक्षण, प्रवास यांसाठी मिळणारी रक्कम. पुरस्कार म्हणजे झालेल्या कामाचा गौरव.

ही तीन नावं एकमेकांत मिसळली की अर्ज चुकीच्या दारात जातो. मोठी अनुदानं बहुतेक शिक्षकांच्या नावावर येतात, विद्यार्थ्याला त्यासाठी थेट अर्ज करता येत नाही. पुरस्कारावर घर चालत नाही. विद्यार्थ्यानं आधी शोधायची ती फेलोशिप.

आणि एक गोष्ट घरच्यांनाही सांगायला हवी: फेलोशिप ही मदत नव्हे, तो कामाचा मोबदला आहे. ती घेणाऱ्याला पूर्णवेळ संशोधन करावं लागतं, पगारी नोकरी करता येत नाही, प्रगतीचे अहवाल द्यावे लागतात आणि काम समाधानकारक नसेल तर ती थांबते. मुलगा 'अजून शिकतोच आहे' असं पाहुण्यांना सांगताना आई-वडिलांचा आवाज खाली जातो, तो जायचं काही कारण नाही.

## सगळ्यांत मोठं दार: जेआरएफ

जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप. ती 'नेट' या राष्ट्रीय परीक्षेतून मिळते. भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य वगैरे विषयांसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची यूजीसी-नेट आहे, तर रसायन, भौतिक, गणित, जीव आणि भूविज्ञान या विषयांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट (सीएसआयआर म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद). दोन्ही परीक्षा एनटीए ही केंद्रीय संस्था घेते आणि साधारणपणे वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांत त्या होतात.

आता रक्कम. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं दरमहा ४२,००० रुपये असा दर आहे. पाच वर्षं पूर्ण मिळाली तर बेरीज होते २४ लाख रुपये. शिवाय घरभाडे भत्ता. तो शहराच्या वर्गवारीनुसार ठरतो. सोलापूर त्यात 'वाय' वर्गात, म्हणजे मधल्या गटात येतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. पुस्तकं, झेरॉक्स, क्षेत्रभेटी, रसायनं अशा किरकोळ खर्चासाठी वर्षाला एक वेगळी रक्कम असते: मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत सुरुवातीची दोन वर्षं १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये, विज्ञानात १२,००० आणि नंतर २५,००० रुपये.

दोन वर्षांनंतर ३७ चे ४२ हजार आपोआप होत नाहीत. तीन जणांची समिती काम तपासते, तिच्यात बाहेरचा एक तज्ज्ञ असतो. ही तपासणी पुढं ढकलली गेली की वाढही लांबते, म्हणून दुसरं वर्ष संपायच्या आधीच गाइडना आठवण करून द्यावी.

दार मोठं आहे, पण गर्दीही तेवढीच. जून २०२४ च्या सत्रातली यूजीसी-नेट परीक्षा सुमारे ६ लाख ८४ हजार जणांनी दिली आणि त्यातल्या ४,९७० जणांना जेआरएफ मिळाली. शंभरात एकसुद्धा नाही. (त्याच सत्रातली मूळ परीक्षा १८ जून २०२४ ला होऊन दुसऱ्या दिवशी रद्द झाली होती, आणि लाखो विद्यार्थ्यांना ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा द्यावी लागली. तो मनस्ताप वेगळाच.) हा आकडा घाबरवायला सांगत नाही. एकाच प्रयत्नावर सगळं अवलंबून ठेवू नये आणि पहिला प्रयत्न लवकर करावा, एवढ्यासाठी सांगतो आहे.

लवकर म्हणजे किती? पदव्युत्तर शिक्षण चालू असतानाच नेट देता येते. यूजीसी-नेटमध्ये खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५० टक्के गुण लागतात. शिकत असताना परीक्षा निघाली तर पदवी दोन वर्षांत पूर्ण करायची असते. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षं आहे. राखीव प्रवर्गांना, दिव्यांगांना आणि सर्व प्रवर्गांतल्या महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. लग्न, बाळंतपण यांत काही वर्षं गेलेल्या किती तरी मुलींना ही सवलत आपल्यालाही लागू आहे हेच माहीत नसतं. खुल्या प्रवर्गातल्या मुलीलाही ती आहे, हे पुन्हा सांगतो.

## सेट झालो, मग फेलोशिप का नाही?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि तो विचारणाऱ्याची निराशा बघवत नाही. 'सेट' ही महाराष्ट्र-गोव्यासाठीची राज्यस्तरीय परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती उत्तीर्ण झालात की राज्यात सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता मिळते. तिच्यातून जेआरएफ मिळत नाही. काही जण तीन-चार वर्षं फक्त सेटची तयारी करतात, ती निघते, आणि मग कळतं की फेलोशिपचा रस्ता नेटकडून होता. सेट जरूर द्या, तिचा पेपर मराठीतूनही सोडवता येतो ही मोठी सोय आहे. पण नेट सोडू नका.

नेटची भाषा हा खरा अडथळा आहे. भाषाविषय वगळता तिथं प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्यानं आपल्या विषयाच्या संज्ञा दोन्ही भाषांत पाठ ठेवाव्यात. यूजीसी-नेट बहुपर्यायी असते, दीडशे प्रश्न आणि तीनशे गुण, निबंध लिहावा लागत नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून नेटचा फॉर्मच न भरणारे विद्यार्थी बघितले की वाईट वाटतं. तिथं बोलायचं काही नसतंच.

२०२४ पासून नेटचा आणखी एक उपयोग झाला आहे. जेआरएफ न मिळालेल्यांनाही त्या गुणांवर पीएचडी प्रवेश मागता येतो. प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि हे गुण एक वर्ष चालतात. मात्र यात फक्त प्रवेश आहे, मानधन नाही. निकालपत्रावर नेमकं काय लिहिलं आहे ते नीट वाचावं.

## राज्य सरकारच्या संस्था

महाराष्ट्रात सामाजिक प्रवर्गांनुसार स्वतंत्र संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय, म्हणजे आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. यांच्या फेलोशिपची रक्कम साधारणपणे यूजीसीच्या जेआरएफशी जुळती ठेवलेली असते.

इथं क्रम उलटा आहे. आधी मान्यताप्राप्त विद्यापीठात पूर्णवेळ पीएचडीची पक्की नोंदणी लागते, मग अर्ज. म्हणून नोंदणीचं पत्र आणि त्यावरची तारीख या दोन्हींना फार महत्त्व आहे. विद्यापीठाकडून ते पत्र लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. जागा मर्यादित असतात, निकष वर्षागणिक बदलतात, जाहिरात कधी कधी खूप लांबते. गेल्या वर्षी मैत्रिणीनं भरलेल्या फॉर्मवरून या वर्षीचा फॉर्म भरू नये, चालू जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावी.

प्रमाणपत्रांचा एक घोळ सोलापूरच्या विद्यार्थ्यांना विशेष नडतो. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या एक नाहीत. धनगर समाज राज्यात भटक्या जमाती 'क' मध्ये आहे, पण केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतो. भटक्या जमातींचा वेगळा प्रवर्ग केंद्राच्या परीक्षेत नाहीच. त्यामुळे नेटचा फॉर्म भरताना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं, तर महाज्योतीसाठी राज्याच्या नमुन्यातलं. तहसील कार्यालयात अर्ज करतानाच 'केंद्रासाठी' की 'राज्यासाठी' हे स्पष्ट सांगावं आणि शक्य असेल तर दोन्ही काढून ठेवावीत. अंतिम मुदतीच्या आठवड्यात सेतू केंद्रासमोर उभं राहून हे काम होत नाही.

## नेट निघाली नाही तर?

तर दुसरी दारं आहेत, फक्त ती अरुंद आहेत आणि ज्याच्यासाठी आहेत त्यालाच उघडतात.

आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असेल आणि पूर्णवेळ पीएचडी करत असेल, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले एकल कन्या फेलोशिप आहे. तिला नेटची अट नाही. भाऊ नाही, बहीण नाही, हे मुद्रांक कागदावरच्या प्रतिज्ञापत्रानं सिद्ध करावं लागतं. जुळ्या बहिणी असतील तरी त्या पात्र धरल्या जातात. आपल्याकडे ही फेलोशिप फार कमी जणींना माहीत आहे.

विज्ञानात विद्यापीठात पहिला क्रमांक आला असेल तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर फेलोशिपची जाहिरात पाहा. ती लहान विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला समान पातळीवर आणते, कारण पहिला क्रमांक सोलापूरचाही पहिलाच. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे; अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गासाठीही अशा फेलोशिप आहेत, पण त्यांना नेट लागते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. अजून काही जण तिच्या आशेवर थांबलेले भेटतात, म्हणून स्पष्ट सांगतो. सामाजिक शास्त्रांत आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था पीएचडीच्या काळात फेलोशिप देते. तिची रक्कम जेआरएफपेक्षा कमी, दरमहा २०,००० रुपये आहे, पण आराखडा उत्तम असेल तर मिळू शकते. इतिहासासाठी आयसीएचआर, म्हणजे भारतीय इतिहास संशोधन परिषद आहे. अभियांत्रिकीत गेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात.

पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम सगळ्यांत मोठी, सुरुवातीला दरमहा ७०,००० आणि शेवटच्या वर्षांत ८०,००० रुपये. ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर अशा मोजक्या संस्थांत संशोधन करणाऱ्यांसाठी आहे. सोलापुरातून एम.एस्सी. करून तिथं प्रवेश मिळवणाऱ्याला ती खुली आहे, पण सोलापूर विद्यापीठात राहून मिळत नाही.

परदेशाचंही एक वाक्य: भारतात पीएचडीला नोंदणी असलेल्यांना फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत जाऊन संशोधन करता येतं, त्यासाठी इथली नोंदणी सोडावी लागत नाही.

आणि मधला एक रस्ता आहे, ज्याकडे लक्ष जात नाही. एखाद्या शिक्षकाला मोठं अनुदान मिळालं की त्यात प्रकल्प सहायकाची पगारी जागा असते. पीएचडीसाठी थांबलेल्या एम.एस्सी. विद्यार्थ्यानं असं एक वर्ष काढलं तर पैसे मिळतात, उपकरणावर हात बसतो आणि पुढच्या अर्जात अनुभव लिहिता येतो. केगावला पुणे महामार्गावर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर. कृषी, जीवशास्त्र, रसायनशास्त्राच्या मुलांनी अशा संस्थांच्या कंत्राटी पदांच्या जाहिराती पाहत राहाव्यात.

## शिक्षकाच्या अनुदानाशी माझा काय संबंध?

थेट संबंध आहे. तुमच्या प्रयोगशाळेत यंत्र असेल की नाही, हे तुमच्या गाइडना अनुदान मिळालं आहे की नाही यावर ठरतं. भारत संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के एवढाच खर्च करतो, आणि त्यातला मोठा भाग राष्ट्रीय संस्थांकडे जातो. देशातले बहुसंख्य विद्यार्थी मात्र राज्य विद्यापीठांत शिकतात. ही तफावत कमी करणं हा एक उद्देश समोर ठेवून २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. २०२३ ते २०२८ या काळासाठी ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट जाहीर झालं, पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. म्हणजे हा सगळा पैसा सरकारच्या तिजोरीत तयार ठेवलेला नाही. या प्रतिष्ठानच्या एका योजनेत पुढारलेली संस्था केंद्रस्थानी आणि तिच्याशी जोडलेली राज्य विद्यापीठं अशी रचना आहे. योजना चांगली आहे. ती आपल्यासारख्या जिल्हा विद्यापीठापर्यंत खरोखर पोचते का, यावर मी तरी लक्ष ठेवून आहे.

गाइड निवडताना विद्यार्थ्यानं नम्रपणे विचारावं, "सर, सध्या कोणता प्रकल्प चालू आहे? प्रयोगासाठी लागणारं साहित्य कुठून येतं?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. पाच वर्षांचा प्रश्न आहे.

## अर्जात नेमकं काय बघतात?

फेलोशिप परीक्षेतून असो की आराखड्यातून, कुठं ना कुठं तुम्हाला तुमचा विषय चार पानांत मांडावा लागतो. हाच भाग आपले विद्यार्थी सगळ्यांत घाईत उरकतात, आणि इथंच सगळ्यांत जास्त सुधारणा होऊ शकते.

नेहमीचं शीर्षक असं असतं: 'सोलापूर जिल्ह्यातील विडी कामगार महिलांच्या समस्या: एक अभ्यास'. यात प्रश्नच नाही. समस्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग शोधायचं काय? याच विषयात उतरून बघा. कुंभारीजवळच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी घरकुलं उभी राहिली, आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५,००० घरांचं हस्तांतरण झालं. शहरातल्या झोपडीतून तिथं राहायला गेलेल्या बाईचं काय झालं? पान-तंबाखू आणायला आणि विड्या जमा करायला जाण्यात किती वेळ जातो? दिवसाच्या विड्या कमी झाल्या का? मुलींची शाळा सुटली की टिकली? आता हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर आधी कुणाला माहीत नाही, ते मोजता येतं, तीन वर्षांत मिळू शकतं आणि सोलापूरबाहेरच्या घरकुल योजनांनाही उपयोगी पडतं. परीक्षक दिल्लीत बसलेला असला तरी त्याला ते दोन मिनिटांत समजतं.

आराखडा वाचणाऱ्याच्या मनात चार शंका असतात. यात नवं काय? यानं आधीचं वाचलं आहे का? हे काम कसं करणार? आणि एवढ्या वेळात, एवढ्या पैशात होईल का? या चारही शंकांना साध्या वाक्यांत उत्तर द्या. 'समाजाला दिशा मिळेल', 'शासनास मार्गदर्शक ठरेल' असली वाक्यं काढून टाका, ती प्रत्येक अर्जात असतात आणि कुणीही वाचत नाही. तेलुगू किंवा कन्नड बोलता येत असेल तर ते आवर्जून लिहा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगूत आणि अक्कलकोट तालुक्यात कन्नडमध्ये मुलाखती घेऊ शकणारा संशोधक बाहेरून आणता येत नाही. ही आपल्या मुलांची खरी ताकद आहे आणि अर्जात ती दिसतच नाही.

## पुरस्कार: खरे आणि विकाऊ

विद्यार्थ्यासाठी पहिली पायरी 'आविष्कार'. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती, त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकारातून २००६ पासून ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा होते. मानव्य आणि भाषा, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट असतात आणि पदवीपासून पीएचडीपर्यंतचे विद्यार्थी भाग घेतात. बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट अशी की अनोळखी परीक्षकासमोर आपलं काम काही मिनिटांत सांगायची सवय लागते. आपलं संशोधन सामान्यांना समजेल अशा गोष्टीच्या रूपात लिहिणाऱ्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी केंद्रानं २०१८ मध्ये 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली होती, तिच्यात पहिलं बक्षीस एक लाख रुपयांचं होतं.

आता दुसरी बाजू. 'आपली बेस्ट रिसर्चर पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर येतात. पुरस्कारासाठी पैसे मागितले की तो पुरस्कार नाही, विक्री आहे. तीच गोष्ट चार दिवसांत शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली, त्यामुळे चांगलं-वाईट ओळखायची जबाबदारी आता आपली आणि विद्यापीठाची आहे. निबंध पाठवण्याआधी त्या नियतकालिकातले दोन-तीन लेख वाचून काढा आणि गाइडना दाखवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी निबंध छापून येण्याची सक्ती उरलेली नाही, तेव्हा घाबरून पैसे भरायची गरज नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा तपासा.

## पैसे वेळेवर येतात का?

नेहमी येत नाहीत. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विद्यार्थी हजर आहे आणि काम करतो आहे, याची पुष्टी विद्यापीठाला ठरावीक काळानं पोर्टलवर करावी लागते. एका टेबलावर नोंद होते, दुसऱ्या टेबलावर ती तपासली जाते. यातलं एक टेबल रजेवर गेलं की महिना चुकतो. राज्याच्या योजनांत तरतूद आणि मंजुरीचा फेरा असतो. मानधनासाठी विद्यार्थ्यांना पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसावं लागलं आहे. ज्यानं प्रयोगशाळेत किंवा गावोगाव फिरून काम केलं, त्याला मोबदल्यासाठी मैदानात बसावं लागणं हे चूकच आहे, आणि ते बदललंच पाहिजे.

तोवर स्वतःचं एवढं सांभाळा. रुजू झाल्याचा अहवाल, नोंदणीपत्र, हजेरी, प्रगती अहवाल या सगळ्यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती स्वतःकडे ठेवा. फेलोशिप लागली या बातमीवर कर्ज काढू नका. पहिला हप्ता यायला काही महिने लागू शकतात, हे घरी आधीच सांगा. थकबाकी एकदम आली की तिच्यातून पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी बाजूला काढा.

## "पीएचडी करून काय दिवे लावणार?"

या अर्थाचं वाक्य डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत उच्चारलं गेलं आणि राज्यभरातले विद्यार्थी दुखावले. पण हाच प्रश्न पारावरही विचारला जातो. सरकारचा पैसा आहे, लोकांच्या कराचा आहे, म्हणून त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं.

उत्तर आपल्या ताटात आहे. रब्बी ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर, स्थानिक मालदांडीतून निवड करून तयार झालं. जवळजवळ शतक होत आलं, तरी शेतकरी ते पेरतात आणि आपण त्याची भाकरी खातो. त्याच दशकात सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं, कारण इथला पाऊस बेभरवशाचा. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर केगावच्या केंद्रानं विकसित केलेलं 'सोलापूर लाल' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं डाळिंबाचं वाण घ्या. तेल्या रोगानं बाग गेलेल्या सांगोल्याच्या शेतकऱ्याला विचारा, त्या जिवाणूवर कुणी तरी वर्षानुवर्षं बसून काम करायला हवं की नको.

सगळेच प्रबंध असे नसतात, हे मान्य. कपाटात धूळ खाणारे प्रबंध आहेत, एकमेकांवरून उतरवलेलेही आहेत. त्यावर उपाय फेलोशिप कमी करणं हा नाही. निवड कसून करा, दरवर्षी काम तपासा, गाइडला जबाबदार धरा, आणि मग पैसे वेळेवर द्या. पोटाची चिंता असलेला विद्यार्थी चार ठिकाणी तासिका घेत फिरतो आणि रात्री उरलेल्या वेळात प्रबंध उरकतो. तो प्रबंध पातळ निघाला तर दोष एकट्या त्याचा कसा?

## वय ३६ आहे, तासिका तत्त्वावर शिकवतो. माझ्यासाठी काही आहे?

जेआरएफ आता नाही, हे आधी सांगतो, म्हणजे उगाच शुल्क जाणार नाही. पण सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची कमाल मर्यादा नाही, ती देत राहा. अर्धवेळ पीएचडी करता येते, तिला फेलोशिप नसते, मात्र तुमचं शिकवणं चालू राहतं. पूर्णवेळ नोंदणी करायची हिंमत असेल तर आयसीएसएसआर आणि तुमच्या प्रवर्गाच्या राज्य संस्थेच्या जाहिरातीतली वयाची अट तपासा, ती जेआरएफसारखीच असेल असं नाही. पीएचडीचा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा असतो, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षं आणखी मिळू शकतात. पुढं कायम नेमणूक झाली तर नव्या शिक्षकांसाठी यूजीसीचं डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदान आहे, १० लाखांपर्यंतचं. त्याला लागणारा आराखडा आजच लिहायला घेता येतो, आणि तासाला समोर बसलेल्या एम.ए. पहिल्या वर्षाच्या मुलांना नेटच्या पुढच्या फॉर्मची तारीखही आजच सांगता येते.